विश्लेषण : पुडीला एक वर्ष, कुंडीला दहा! घरी वाढवलेल्या गांजाबाबत कायदा नेमके काय मोजतो?

जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला घरी गांजाची तीन रोपे लावता येतात. कॅनडात एका घराला चार, उरुग्वेत सहा रोपांची मुभा आहे. भारतात मात्र एकच रोप लावले तरी कमाल शिक्षा दहा वर्षे सश्रम कारावासाची आहे. संकरित वाणाचे रोप घरातल्या कपाटात वाढवण्याचे व्हिडीओ मोबाइलवर सहज सापडतात. पण ते बहुतांशी परदेशातले असतात आणि तिथल्या कायद्याच्या भरवशावर बनवलेले असतात. इथला कायदा वेगळा आहे. तो कडक आहे, यात नवल नाही. पण तो चुकीची गोष्ट मोजतो, हा खरा प्रश्न आहे.

भारतीय कायदा काय म्हणतो?

अमली पदार्थांबाबतचा १९८५ चा कायदा ‘एनडीपीएस’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या कलम ८ नुसार गांजाच्या झाडाची लागवड करण्यास मनाई आहे. ‘गांजाचे झाड’ म्हणजे कॅनाबिस या प्रजातीचे कोणतेही झाड, अशी व्याख्या आहे. देशी वाण असो, परदेशी असो वा दोहोंचा संकर असो, कायद्याच्या दृष्टीने ते एकच. कलम २० च्या पहिल्या भागात शिक्षा सांगितली आहे : दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. किती रोपांना किती शिक्षा, याचा तक्ता तिथे नाही. गॅलरीतली एक कुंडी आणि उसाच्या फडात लपवलेले अर्ध्या एकराचे पीक, दोन्ही एकाच कलमात बसतात. किमान शिक्षा ठरवलेली नसल्याने न्यायाधीश कमी शिक्षा देऊ शकतात; पण ते अधिकार न्यायाधीशांचे. अटक, कोठडी, वकिलाचा खर्च आणि नोकरीवरचे गंडांतर हे सारे निकालाच्या कितीतरी आधी येते.

अपवाद आहेत, पण ते सरकारी परवानगीचे. तंतू किंवा बियांसारख्या औद्योगिक उपयोगासाठी, तसेच बागायतीसाठी लागवडीची परवानगी देण्याची तरतूद कलम १४ मध्ये आहे. उत्तराखंडने याच आधारे ०.३ टक्क्यांपेक्षा कमी टीएचसी असलेल्या औद्योगिक हेम्पच्या लागवडीला परवाने दिले. टीएचसी म्हणजे गांजातला नशा आणणारा मुख्य घटक. स्वतःच्या वापरासाठी कुंडीत रोप लावणे या अपवादात कुठेच बसत नाही.

मग विसंगती कुठे आहे?

समजा, पुण्यातल्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये दोन मित्र राहतात. एकजण गल्लीतल्या विक्रेत्याकडून वीस ग्रॅम गांजाची पुडी आणतो. दुसरा विक्रेत्याच्या नादी लागायचे नाही म्हणून तुळस आणि कोरफडीच्या शेजारी एक रोप लावतो. पोलिसांनी दार ठोठावले तर पहिल्यावर ‘अल्प प्रमाण’ बाळगल्याचे कलम लागते. गांजासाठी अल्प प्रमाणाची मर्यादा एक किलो आहे आणि त्यासाठी कमाल शिक्षा एक वर्ष कारावास, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्याच्या रोपाला अजून फुलोराही आलेला नसेल, म्हणजे त्याच्याकडे गांजा नावाची वस्तूच तयार झालेली नसेल. तरी त्याच्यासमोर दहा वर्षांचे कलम उभे राहते.

फरक एवढ्यावर थांबत नाही. व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने उपचार घ्यायची तयारी दाखवली तर कलम ६४-अ नुसार खटल्यातून सूट मिळू शकते. मात्र ही सवलत सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांपुरती आहे. लागवडीचा गुन्हा त्यात येत नाही. म्हणजे विक्रेत्याच्या साखळीतून माल घेणाऱ्याला उपचाराचे दार उघडे आणि त्या साखळीबाहेर राहिलेल्याला ते बंद. याशिवाय घर वापरायला देणाऱ्याने हे जाणूनबुजून होऊ दिले असेल, तर कलम २५ खाली घरमालकही अडकू शकतो.

लागवडीला कायद्याने इतके गंभीर का मानले, हे समजण्यासारखे आहे. १९८५ मध्ये कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शेत होते, गॅलरी नव्हती. लागवड म्हणजे पुरवठा आणि पुरवठा म्हणजे व्यापार, हे समीकरण तेव्हा बरोबर होते. घरातल्या घरात, दिव्याच्या उजेडात झाड वाढवता येईल, अशी कल्पनाही तेव्हा इथे कुणी केली नसावी.

संकरित वाण म्हणजे नेमके काय?

स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये या वनस्पतीला ‘कॅनाबिस सटायव्हा’ हे नाव दिले. १७८५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क याने भारतातून आलेल्या नमुन्यांवरून ‘कॅनाबिस इंडिका’ ही वेगळी जात मांडली. सर्वसाधारण समज असा की सटायव्हा उंच, निमुळत्या पानांची आणि उष्ण प्रदेशातली. इंडिका बुटकी, रुंद पानांची, हिंदुकुशकडच्या डोंगराळ भागातली. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात हौशी उत्पादकांनी या दोन प्रकारांचा संकर करायला सुरुवात केली. ‘स्कंक नंबर वन’ हे त्यातले गाजलेले वाण. पुढे हॉलंडमधल्या बी-विक्रेत्यांनी हे काम धंदा म्हणून वाढवले. त्यातल्या ‘व्हाइट विडो’ या प्रसिद्ध वाणात केरळकडच्या गांजाचा अंश असल्याचे सांगितले जाते.

या संकरांमागचा हेतू सरळ होता. झाड बुटके राहावे, लवकर तयार व्हावे, बंद खोलीत वाढावे आणि त्यात टीएचसी भरपूर असावे. म्हणजे संकरित वाण आणि घरातली लागवड या दोन गोष्टी एकमेकींच्या हात धरूनच वाढल्या.

आज बाजारात या वाणांची शेकडो आकर्षक नावे आहेत. पण नावावर विसंबण्यात अर्थ नाही. कॅनडातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जनुकीय अभ्यासात सटायव्हा आणि इंडिका ही लेबले प्रत्यक्ष जनुकांशी फारशी जुळत नसल्याचे आढळले. ‘हे वाण शांत झोप देते, ते उत्साह देते’ अशी खात्री देणारा बहुतेक वेळा जाहिरातीची भाषा बोलत असतो.

ताकद वाढली म्हणजे किती?

अमेरिकेत जप्त केलेल्या गांजाच्या नमुन्यांची अनेक वर्षे तपासणी होत आली आहे. १९९५ मध्ये त्यात सरासरी सुमारे ४ टक्के टीएचसी होते. २०१४ पर्यंत ते सुमारे १२ टक्क्यांवर गेले. आता तिथल्या परवानाधारक दुकानांत २० टक्के किंवा त्याहून अधिक असे लेबल लावलेला माल सर्रास मिळतो.

याचा अर्थ एकच चिलीम तिप्पट-चौपट जड झाली. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या नियतकालिकात युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज गांजा ओढणाऱ्यांत मनोविकृतीचा, म्हणजे भास-संभ्रमाच्या गंभीर आजाराचा संभव कधीच न ओढणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट दिसला. दहा टक्क्यांहून अधिक टीएचसी असलेला गांजा रोज ओढणाऱ्यांत तो जवळपास पाचपट होता. अशा अभ्यासातून कारण आणि परिणाम यांचे नाते शंभर टक्के सिद्ध होत नाही. पण इशारा स्पष्ट आहे. विशेषतः विशीच्या आतल्या मुलांसाठी आणि ज्यांच्या घराण्यात असा आजार आहे त्यांच्यासाठी. ‘गांजा काय, साधूबैरागीही ओढतात’ हा युक्तिवाद जुन्या, सौम्य गांजाबद्दलचा आहे. कपाटातल्या संकरित रोपाला तो लावता येत नाही.

कायदा ही ताकद मोजतो का?

नाही. कायदा वजन मोजतो. एक किलोपर्यंत अल्प, वीस किलोंहून अधिक ते व्यावसायिक आणि मधले ते मध्यम प्रमाण. त्या मालात टीएचसी ४ टक्के आहे की २० टक्के, हा प्रश्न कायदा विचारत नाही. एक साधे गणित करून पाहावे. ४ टक्के टीएचसी असलेल्या अकराशे ग्रॅम गांजात ४४ ग्रॅम टीएचसी असते. २० टक्क्यांच्या नऊशे ग्रॅम गांजात १८० ग्रॅम. म्हणजे दुसऱ्याकडे नशेचा घटक चौपट आहे. पण पहिल्याला कमाल शिक्षा दहा वर्षे आणि दुसऱ्याला एक वर्ष. पहिला बहुधा गरीब वाहतूकदार असतो. दुसरा महागडा माल विकणारा शहरी विक्रेता असू शकतो. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानातून मातीविना, पोषक पाण्यावर वाढवलेला ‘हायड्रोपोनिक’ गांजा पकडल्याच्या बातम्या मुंबई विमानतळावरून अलीकडे वारंवार येतात. हा माल किलोमागे कितीतरी जास्त ताकदीचा असतो.

शुद्धतेचा हा वाद सर्वोच्च न्यायालयात वेगळ्या संदर्भात येऊन गेला आहे. हेरॉइनसारख्या पदार्थात दुसरी निरुपद्रवी भुकटी मिसळलेली असेल, तर फक्त अमली घटकाचे वजन धरावे, असे न्यायालयाने २००८ मध्ये म्हटले होते. २०२० मध्ये ‘हिरा सिंग’ प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते चुकीचे ठरवले आणि संपूर्ण मिश्रणाचे वजन ग्राह्य धरले. रस्त्यावर विकला जाणारा माल मिश्रणच असतो, हे त्यामागचे तर्कशास्त्र होते आणि ते पटण्यासारखे आहे. पण शुद्धता न मोजण्याची सवय एकदा लागली की कमी वजनात जास्त नशा भरणारा सुटतो, ही त्याची दुसरी बाजू आहे.

वजनातही गोंधळ आहेच. कायद्यानुसार गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पाने आणि बिया त्यात येत नाहीत. तरी जप्तीच्या वेळी देठ, पाने, कधी मुळांसकट झाडच तराजूत टाकले जाते आणि मग हे वजन खरे कशाचे, यावर मुंबई उच्च न्यायालयासह अनेक न्यायालयांत जामिनाच्या टप्प्यावर वाद होतात.

भांग चालते, मग गांजा का नाही?

हा प्रश्न महाशिवरात्रीला आणि होळीला हमखास निघतो. उत्तर याच व्याख्येत आहे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात पाने गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवली गेली आणि १९८५ च्या भारतीय कायद्यातही तेच शब्द आले. त्यामुळे पानांपासून केलेल्या भांगेचे नियमन राज्यांकडे राहिले. उत्तर प्रदेश, राजस्थानात भांगेची परवानाधारक दुकाने आहेत. महाराष्ट्रात तिच्यावरही दारूबंदी कायद्याचे निर्बंध आहेत. पण पान चालते म्हणून रोप चालते, असा अर्थ कुणी काढू नये. लागवडीवरची बंदी संपूर्ण झाडाला लागू आहे.

इतिहासात मात्र भारताने याहून वेगळा मार्ग तपासला होता. ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये भारतीय भांग-गांजा आयोग नेमला. आयोगाने देशभरातल्या सुमारे १२०० साक्षीदारांना ऐकले आणि १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल दिला. बेताच्या सेवनाने फारसे नुकसान दिसत नाही, अतिसेवन घातक आहे आणि सरसकट बंदीपेक्षा परवाना, कर व नियंत्रण बरे, असा त्याचा सूर होता. त्या काळी बंगालमधल्या नौगाव परिसरात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, परवान्याने गांजाचे पीक घेतले जाई. झाडांना बी धरू नये म्हणून शेतातली नर झाडे ओळखून उपटणारे ‘पोद्दार’ नावाचे जाणकार तिथे असत. म्हणजे ताकदवान गांजा काढण्याची कला इथे जुनीच आहे. फरक इतकाच की तेव्हा ते पीक सरकारी नोंदीत होते.

इतर देशांत अनुभव काय?

जर्मनीत तीन रोपांची मुभा १८ वर्षांवरील आणि तिथे किमान सहा महिने वास्तव्य असलेल्या व्यक्तीला आहे. घरी जास्तीत जास्त ५० ग्रॅम, बाहेर सोबत २५ ग्रॅम. रोपे मुलांच्या हाती लागणार नाहीत, याची जबाबदारी लावणाऱ्यावर आहे. तिथे शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या मराठी तरुणांनी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी : तिथली मुभा विमानात बसत नाही. मुंबईत उतरताना सामानात गांजा सापडला तर तो जर्मनीत कायदेशीर होता, हा बचाव होऊ शकत नाही.

कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून चार रोपांना परवानगी दिली. पण क्यूबेक प्रांताने घरगुती लागवड बंदच ठेवली आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती बंदी वैध ठरवली. दक्षिण आफ्रिकेत २०१८ मध्ये घटनात्मक न्यायालयाने खासगीपणाच्या हक्काच्या आधारे प्रौढांना घरी लागवडीची मोकळीक दिली. त्यावरचा कायदा व्हायला २०२४ उजाडले.

सर्वांत बोलका अनुभव थायलंडचा. ९ जून २०२२ रोजी तिथे गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला गेला, लोकांना वाटण्यासाठी सरकारनेच दहा लाख रोपे जाहीर केली. मात्र विक्रीचे नियम करणारा सर्वंकष कायदा संमत झालाच नाही. दुकाने गल्लोगल्ली उघडली आणि तीनच वर्षांत, जून २०२५ मध्ये, सरकारला डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्रीला मनाई करावी लागली. आधी दार उघडायचे आणि मग कुलूप शोधायचे, याचा हा परिणाम.

मग भारतात घरगुती लागवडीला परवानगी द्यावी का?

आजच्या स्थितीत नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतला होता आणि त्यांतल्या सुमारे ७२ लाखांना मदतीची गरज होती. मदतीची केंद्रे मोठ्या शहरांबाहेर विरळ आहेत. संकरित बियांची चाचणी नाही, ताकद सांगणारे लेबल नाही. दोन खोल्यांच्या घरात मुलांपासून दूर ठेवायला जागा नाही. अशा वेळी परवानगी म्हणजे सर्वांत तीव्र वाण सर्वांत कमी देखरेखीखाली घराघरांत जाणे.

पण परवानगी न देणे आणि एका कुंडीसाठी दहा वर्षांची टांगती तलवार ठेवणे, या दोन गोष्टींत बरेच अंतर आहे. त्या अंतरातच सुधारणेला जागा आहे.

नेमके काय बदलायला हवे?

पहिले, कलम २० मध्ये लागवडीचेही टप्पे करावेत. स्वतःच्या वापरासाठीची एक-दोन रोपे गुन्हाच राहू द्यावीत. पण त्यांची शिक्षा अल्प प्रमाणाच्या पातळीवर आणावी. व्यापारासाठी केलेल्या लागवडीला आजची शिक्षा कायम असावी. रोपे मोजणे हे ओले झाड तराजूत टाकण्यापेक्षा सोपे आणि वादरहित आहे.

दुसरे, कलम ६४-अ मधले उपचाराचे दार अशा लहान लागवडीलाही उघडावे. ज्याने विक्रेत्याला टाळले, त्याला विक्रेत्याच्या गिऱ्हाइकापेक्षा वाईट वागणूक मिळू नये.

तिसरे, विक्रीच्या प्रकरणांत न्यायवैद्यक अहवालात टीएचसीचे प्रमाण नोंदवणे बंधनकारक करावे आणि शिक्षा ठरवताना ते विचारात घ्यावे. यासाठी प्रयोगशाळांना यंत्रे आणि माणसे द्यावी लागतील. ते खर्चिक आहे. पण ताकदच न मोजता ताकदवान मालाशी लढणे त्याहून महाग पडते.

कायदा सैल होईल, तरुणांना चुकीचा संदेश जाईल, असा आक्षेप यावर येईल. तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण सध्या जाणारा संदेशही काही शहाणपणाचा नाही. रोप लावण्यापेक्षा पुडी घेणे कायद्याच्या दृष्टीने स्वस्त आहे, असेच तो तरुणांना सांगतो. यात फायदा फक्त पुडी विकणाऱ्याचा होतो.

तोपर्यंत लक्षात काय ठेवावे?

बी कुठून आले, रोप किती उंच आहे, वापर औषधासाठी की हौसेसाठी, यांपैकी कशानेही लागवडीचा गुन्हा पुसला जात नाही. परदेशी व्हिडीओतला माणूस त्याच्या देशाच्या कायद्याखाली बसलेला असतो. घरात कुणी या पदार्थाच्या आहारी गेले असेल, तर त्याला लपवण्यापेक्षा वेळेत डॉक्टरकडे नेणे कधीही बरे. नशामुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत मदतवाहिनी आहे. कायदा बदलायला वर्षे लागतील. फोन लावायला मिनिटभर पुरते.